बाबासाहेबांचा एक हरलेला खटला

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात रीडिंग येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



कार्यकारिणीने विषय निवडण्याची मोकळीक आम्हाला दिली होती. आम्ही विषय कळविला, तेव्हा दोघा-तिघा सदस्यांनी दूरध्वनी करून विचारले की, इतके विषय पडले असताना हाच कशाला? घरची मंडळी, लेकरेबाळे, म्हातारी माणसे समोर बसलेली असतात, त्यांच्यापुढे हे बोलायचे काय? आमचे उत्तर असे की, त्यांच्यापुढेच बोलायचे आहे. विषय समलिंगी व्यक्तींचा आहे. भारतातील कायद्याने आणि बहुसंख्य हिंदू समाजाने त्यांना कसे वागविले हे तर सांगावयाचेच, परंतु जो समाज स्वतःस बाबासाहेबांचा अनुयायी म्हणवितो, तो आपल्या घरात जन्मलेल्या अशा मुलामुलींना कसे वागवितो, हे बोलणे आम्हाला अधिक अगत्याचे वाटते.

या विषयाचा बाबासाहेबांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो न्यायालयाच्या दप्तरातला आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा उघड प्रचार केला म्हणून १९२५ साली मुंबईच्या विल्सन कॉलेजातील नोकरीवर त्यांना पाणी सोडावे लागले. ज्या वर्षी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला बाबासाहेबांनी हात लावला, त्याच वर्षी, म्हणजे १९२७ च्या जुलैत, कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यूने गाठेपर्यंत ते चालविले. ज्या गोष्टी नवरा बायकोशी आणि रोगी डॉक्टरशी बोलत नसे, त्या गोष्टी वाचक कर्व्यांना पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांची उत्तरे छापीत. १९३१ साली एका लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला व १०० रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला भरला गेला. या वेळी निमित्त होते वाचकांना दिलेल्या उत्तरांचे, आणि त्या प्रश्नांत हस्तमैथुनाचा प्रश्न होता, तसाच समलिंगी संबंधांचाही होता.

या दुसऱ्या खटल्यात कर्व्यांचे वकील म्हणून बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर उभे राहिले.

बंधूंनो, तो काळ ध्यानात घ्या. पुणे करार होऊन दोन वर्षेही उलटली नव्हती. गोलमेज परिषदा आणि त्यानंतरच्या संयुक्त समितीचे काम आटोपून बाबासाहेब मायदेशी परतले होते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालूनही दार उघडत नव्हते. घरी माता रमाई आजारी होत्या; पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, त्यांचे निधन झाले. अशा माणसाला आणखी एका वादग्रस्त माणसाचे वकीलपत्र घेण्याची गरज नव्हती. कर्वे जन्माने चित्पावन ब्राह्मण. त्यांचा खटला लढवून अस्पृश्यांच्या चळवळीला एकही मत किंवा एक रुपयाही मिळणार नव्हता. उलट, सनातनी मंडळींच्या हाती टीकेचे आयते कोलीत मिळणार होते. तरी ते उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, लोकांनी प्रश्न विचारले तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, अज्ञान दूर करावयाचे तर ते ज्ञानानेच होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. त्यांनी आधार घेतला तो हॅवलॉक एलिस या इंग्रज शास्त्रज्ञाच्या ग्रंथांचा. एलिस यांचे समलिंगी प्रवृत्तीवरील पुस्तक १८९७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले, आणि ते विकल्याबद्दल पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एका विक्रेत्यावर खटला झाला होता. ज्याचा ग्रंथ लंडनच्या न्यायालयाने अश्लील ठरविला, त्याच शास्त्रज्ञाचा दाखला छत्तीस वर्षांनी मुंबईच्या न्यायालयात आपल्या बाबासाहेबांनी दिला.

खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

आपण जयंतीला महाड सांगतो, येवला सांगतो, नागपूर सांगतो. हा खटला आपण सांगत नाही. अजित दळवी यांनी कर्व्यांच्या खटल्यांवर 'समाजस्वास्थ्य' नावाचे नाटक लिहिले, अतुल पेठे यांनी ते २०१७ साली रंगभूमीवर आणले, तेव्हा कोठे अनेकांना हे कळले. आमच्या वक्त्यांना तो विषय अडचणीचा वाटत असावा. बाबासाहेबांनी समलिंगी संबंधांचा पुरस्कार केला, असे मात्र आम्ही म्हणत नाही; ते वकील म्हणून उभे होते, आणि खटला मुख्यतः बोलण्याच्या, विचारण्याच्या व जाणून घेण्याच्या हक्काचा होता. परंतु 'हे आपल्यात बोलायचे नाही' असे जे आपण म्हणतो, त्याच्या विरुद्ध बाजूस बाबासाहेब काळा कोट घालून उभे होते, एवढे निश्चित.

आता आपण जेथे जमलो आहोत त्या गावाकडे वळू. येथील लोक 'रेडिंग' म्हणतात, आपल्या पत्रांवर मात्र 'रीडिंग' हेच रूढ झाले आहे, असो. या गावात फोर्बरी मार्गावर, जुन्या मठाच्या भग्नावशेषांना लागून लाल विटांचा तुरुंग उभा आहे. २०१३ साली तो बंद झाला. ऑस्कर वाइल्ड हा आपल्या काळातील नामांकित आयरिश नाटककार तेथे नोव्हेंबर १८९५ पासून मे १८९७ पर्यंत कैदी होता. त्याचा गुन्हा, पुरुषांशी संबंध. शिक्षा, दोन वर्षे सक्तमजुरी. १८८५ च्या कायद्यातील ज्या कलमाखाली त्याला शिक्षा झाली, त्याचा थोरला भाऊ हिंदुस्थानात आधीच पोहोचला होता. मेकॉले यांनी १८३७ मध्ये मसुदा केलेली दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली, १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली आणि तिच्यातील कलम ३७७ ने 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोगास जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली. सुटकेनंतर वाइल्ड फ्रान्सला गेला आणि १९०० साली पॅरिसमध्ये वारला. त्याचे पुत्र त्याला पुन्हा भेटले नाहीत. घराण्याचे आडनावही त्यांना बदलावे लागले.

याच गावाच्या विद्यापीठाचे कुलगुरू जॉन वुल्फेंडन यांना १९५४ साली ब्रिटिश शासनाने एका समितीचे अध्यक्ष नेमले. सप्टेंबर १९५७ मध्ये त्या समितीने सांगितले की, दोन सज्ञान पुरुष खाजगीत परस्परसंमतीने जे करतात तो गुन्हा असू नये. वुल्फेंडन हे काही बंडखोर नव्हते. सनातनी वळणाचे शिक्षक होते आणि समलिंगी संबंधांविषयी त्यांना आपुलकी होती असे त्यांच्या अहवालात कोठेही दिसत नाही. त्यांचे म्हणणे इतकेच की, पाप आणि गुन्हा एक नव्हेत, आणि माणसाच्या खाजगी नीतीत कायद्याने हात घालावयाचा नाही. त्यांचा स्वतःचा ज्येष्ठ पुत्र जेरेमी समलिंगी होता. शिफारस कायद्यात उतरावयास दहा वर्षे लागली. १९६७ चा कायदा इंग्लंड आणि वेल्सपुरता झाला. तो येथे बदलला. भारताने मात्र स्वातंत्र्यानंतरही साहेबाचे हे कलम जपून ठेवले आणि काही काळाने ते 'आपली संस्कृती' म्हणून सांगू लागला. एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्रकुल परिषदेच्या वेळी येथील तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे यांनी अशा कायद्यांबद्दल खेद व्यक्त केला. त्यांचा तेव्हाचा मतदारसंघ मेडनहेड, म्हणजे येथून आगगाडीने थोड्याच अंतरावर.

रीडिंगची आणखी एक गोष्ट आपल्याशी थेट जोडलेली आहे. २००३ साली ऑक्सफर्डचे बिशप रिचर्ड हॅरिस यांनी रीडिंगचे बिशप म्हणून जेफ्री जॉन यांची निवड केली. जॉन यांनी आपण समलिंगी असल्याचे लपविले नव्हते, आणि चर्चच्या नियमाप्रमाणे आपण ब्रह्मचर्य पाळतो असेही सांगितले होते. तरी चर्चमध्ये गदारोळ झाला आणि जुलैमध्ये त्यांना माघार घ्यावी लागली. हेच हॅरिस पुढे लॉर्ड सभेत बसले. २०१० च्या समता कायद्यात जातीच्या भेदभावाचा स्पष्ट समावेश व्हावा, यासाठी ४ मार्च २०१३ रोजी लॉर्ड सभेत दुरुस्ती मांडली ती त्यांनीच. आपल्यापैकी अनेक जण तेव्हा पत्रके घेऊन वेस्टमिन्स्टरला उभे होते. त्या वेळी येथील काही हिंदू संघटनांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे काय होते? 'आमच्या समाजात येथे असले काही नाही. बाहेरच्यांनी उगाच काढलेला हा प्रश्न आहे.' संसदेने त्या वर्षी एप्रिलमध्ये दुरुस्ती मान्य केली, पण ती अमलात आली नाही आणि २०१८ च्या जुलैत शासनाने ती बाजूस ठेवण्याचा निर्णय जाहीर केला.

'आमच्यात असले काही नाही.' हे वाक्य ऐकून आपल्या अंगाचा तिळपापड झाला होता. आणि समलिंगी मुलामुलींचा प्रश्न निघाला की आपली माणसे तेच वाक्य, त्याच सुरात उच्चारतात. लैंगिक कलावरून भेदभाव करू नये, असे २०१० चा तोच समता कायदा स्पष्ट शब्दांत सांगतो. ज्यांना आपण घरात बोलू देत नाही ते त्या कायद्याच्या उंबऱ्याच्या आत आहेत, आणि जातीचे आपले दुःख अद्याप उंबऱ्याबाहेर उभे आहे.

भारतातील न्यायालयांचा इतिहास आपणांपैकी बरेच जण जाणतात, म्हणून तो थोडक्यात. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांस लागू होणार नाही, असा निर्णय दिला. मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे मूळचे सोलापूरचे. त्या निकालाचा कणा होता ४ नोव्हेंबर १९४८ चे संविधान सभेतील बाबासाहेबांचे भाषण. संवैधानिक नीती माणसाला जन्मतः मिळत नाही, ती अंगी बाणवावी लागते, आणि आपल्या लोकांनी ती अजून शिकावयाची आहे, असे बाबासाहेबांनी त्या दिवशी सांगितले होते. बहुसंख्यांना काय आवडते ही लोकनीती. संविधान काय सांगते ती संवैधानिक नीती. दोहोंत विरोध आला तर दुसरी श्रेष्ठ, असे न्यायालयाने म्हटले. आमच्या मते बाबासाहेबांच्या भाषणाचा याहून उचित उपयोग फार थोड्या निकालांत झाला असेल. पुढे एका ज्योतिषाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले, त्याच्या मागोमाग हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती संघटना आल्या. एरवी एका पंक्तीस न बसणारी ही मंडळी येथे मात्र एक झाली. ११ डिसेंबर २०१३ रोजी कलम परत आले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी ते पुन्हा, आणि एकमताने, संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले; इतिहासाने या लोकांची क्षमा मागितली पाहिजे, असे न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरले नाही. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला. तो विषय संसदेचा आहे, असे न्यायालयाने सांगितले. ही मागणी शहरातील उच्चभ्रू लोकांची आहे, असे केंद्र शासनाने त्या खटल्यात म्हटले होते. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात ते म्हणणे खोडून काढले.

उच्चभ्रूंची मागणी! कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडील बेळगाव भागात ज्यांचे बालपण गेले, त्यांनी हे ऐकून हसावे की रडावे? एखाद्या गरीब घरातील मुलगा बायकी चालू लागला, मुलींत रमू लागला, की गाव ठरविते : यल्लमाने त्याला मागितले. गळ्यात मण्यांची माळ, अंगावर लुगडे, डोईवर देवीचा जग, हाती परडी. आणि सौंदत्तीच्या डोंगराची वाट. तो जोगता झाला. अशी मुले बहुतांशी कोणत्या वस्तीतली, हे आपणांस सांगावयास नको. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' या कादंबरीत हे जग आले आहे, आणि २००९ साली आलेला 'जोगवा' हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. देवदासीची प्रथा बंद करण्यासाठी मुंबई प्रांतात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली कायदे झाले, ते स्त्रियांसाठी. जोगत्याकडे कोणी पाहिले नाही.

हिंदू परंपरा या बाबतीत मूळची उदार होती, इंग्रजांनी ती बिघडविली, असे अलीकडे पुष्कळ सुशिक्षित हिंदू सांगतात. ते खजुराहोची शिल्पे दाखवितात, शिखंडीची कथा सांगतात. इंग्रजांचा दोष आम्ही वर सांगितलाच आहे. त्यात कमी करण्यासारखे काही नाही. पण ही उदारता कसली? तिने जोगत्याला भंडाऱ्याच्या दिवशी पाया पडण्याजोगा मानले आणि एरवी त्याच्या हाती भिक्षेची परडी दिली. देवीचा म्हणून त्याला जागा दिली. आईबापांचा मुलगा म्हणून, शाळेतला विद्यार्थी म्हणून, वारसदार म्हणून दिली नाही. देवाच्या नावाने मान आणि माणूस म्हणून बहिष्कार, हा व्यवहार आपल्या पूर्वजांना चांगलाच परिचयाचा होता. आणि मनुस्मृतीचे म्हणाल, तर तिच्यात या बाबतीतही वर्ण आणि लिंग पाहून माप आहे. द्विज पुरुषाला पुरुषसंगाबद्दल एके ठिकाणी सचैल स्नान पुरते. कुमारिकेला दूषित करणाऱ्या स्त्रीचे मुंडन, किंवा बोटे तोडणे आणि गाढवावरून धिंड. ज्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, त्यातून कोणाचे हक्क सिद्ध करण्याची आपणांस गरज नाही, आणि खजुराहोच्या भिंतीवरूनही नाही. प्राचीन काळी होते म्हणून हक्क मिळावा, हा युक्तिवाद स्वीकारला तर प्राचीन काळी अस्पृश्यताही होती.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्ये, मुरळ्या, जोगतिणी यांच्या सभेत त्यांना ते जिणे सोडून सन्मानाने जगण्यास सांगितले. त्या वेळी सन्मानाने जगण्याची वाट कोठे होती? आज थोडी तरी दिसते. दिशा पिंकी शेख या तृतीयपंथी कवयित्री वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या, त्याच पक्षाने २०२४ च्या विधानसभेसाठी रावेरमधून शमिभा पाटील यांना उमेदवारी दिली. तृतीयपंथी आणि समलिंगी हे एकच नव्हेत, याची आम्हाला जाणीव आहे. पण गाव दोघांनाही एकाच शिवीने ओळखते, म्हणून एकत्र बोलावे लागते.

आता विवाहाविषयी, कारण आपल्या घरांत सारे काही तेथे येऊन थांबते. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे. जात टिकवायची तर कोणी कोणाशी लग्न करावे यावर पहारा बसवावा लागतो; सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या पहाऱ्याची साधने. हे जर खरे असेल, तर ज्या मुलाला वा मुलीला आईबापांनी आणलेल्या स्थळाशी संसार करता येत नाही, त्यांच्यावर समाज इतका का चिडतो, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज राहत नाही. १९९८ च्या डिसेंबरात मुंबईत 'फायर' चित्रपटाच्या चित्रगृहांची मोडतोड झाली, तेव्हा मोडणाऱ्यांचा राग दोन स्त्रियांच्या प्रेमावर होता. त्या एकाच घरातील जावा होत्या, आणि त्यांची नावे राधा व सीता होती, म्हणून तो अधिकच भडकला. आंतरजातीय जोडप्यास १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लावावी लागते, आणि त्या तीस दिवसांत भाऊबंद काय करतात हे आपण जाणतो. समलिंगी जोडप्यांना तो कायदा उघडला नाही. परंतु २०२३ च्या त्याच खटल्यात त्या नोटिशीच्या अटीसही आव्हान दिले होते.

आपण जात सोडली, असे म्हणतो. मग आपल्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवरील वधू-वर सूचीत 'बौद्ध' या शब्दापुढे कंसात पूर्वीची जात कशासाठी येते, हा प्रश्न आज विषयांतर होईल म्हणून सोडून देतो.

आम्हाला जे सर्वांत कठोरपणे सांगावयाचे आहे ते हे. आपल्या समाजात मुलगा आईला सांगतो, 'मला मुलींविषयी तसे काही वाटत नाही.' आई घाबरते, वडील संतापतात. मग ठरते की, लग्न केले म्हणजे ताळ्यावर येईल. येथील मुलगी चार प्रश्न विचारील, म्हणून स्थळ तिकडे पाहतात, वर्ध्याकडे, जालन्याकडे, नांदेडकडे. बी.ए., बी.एड. झालेली मुलगी. तिच्या वडिलांना वाटते, लेकीचे नशीब उघडले. ती हिथ्रोवर उतरते. तिचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, भाषा अर्धी, माहेर पाच हजार मैल दूर. नवरा तिच्याशी वाईट वागत नाही, पण तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. वर्षभराने सासू विचारते, काही गोड बातमी? दोष तिच्यात शोधला जातो. आपल्याच समाजाच्या एका गरीब घरातील लेक, जिच्या बापाने जमीन विकून तिला शिकविले, तिला आपण आपली अब्रू झाकण्याचे फडके म्हणून वापरतो. ज्यांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या महामानवाच्या तसबिरीपुढे ते लग्न लावले, त्यांनी त्या मुलीच्या बापाला काय उत्तर द्यावे? येथे सक्तीचे लग्न २०१४ पासून गुन्हा आहे. पण मौनाने घडविलेली सक्ती न्यायालयात सिद्ध होत नाही.

मुलींची स्थिती याहून अवघड. मुलाला निदान नोकरीच्या निमित्ताने वेगळे घर करता येते. मुलीने 'लग्न नको' म्हटले की पहिला प्रश्न, 'कोण आहे तो?' कोणी 'तो' नाही, हे उत्तर ऐकण्याची तयारीच नसते.

काही पालक मुलांना उपचारासाठी तिकडे नेतात. त्यांच्या माहितीसाठी : जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलिंगी प्रवृत्ती रोगांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचार संघटनेने २०१८ साली हा आजार नव्हे असे जाहीर केले. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असे 'बदलण्याचे' उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. म्हणजे जो डॉक्टर पैसे घेऊन तुमचा मुलगा 'सरळ' करून देतो म्हणतो, तो स्वतःच वाकडा आहे. बुवा-बाबांविषयी तर बोलावयासच नको. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने अंगारा आणू नये.

धम्म काय सांगतो, असेही विचारले जाते. विनयपिटकात काही व्यक्तींना प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे आणि त्याचा दाखला देणारे भेटतात. तो भिक्खुसंघाच्या प्रवेशाचा नियम आहे, गृहस्थांच्या जगण्याचा नव्हे. गृहस्थाला तिसरे शील आहे : कामाच्या बाबतीत मिथ्याचार करू नये. आमच्या अल्पमतीप्रमाणे, परस्परसंमतीने एकमेकांशी एकनिष्ठ राहणाऱ्या दोघांपेक्षा, सत्य लपवून परक्याच्या मुलीला फसविणाऱ्या घराकडून हे शील अधिक मोडते. आणि चौथेही मोडते. तैवानमध्ये भिक्खुणी चाओ-ह्वेइ यांनी २०१२ च्या ऑगस्टमध्ये दोन स्त्रियांचा विवाह बौद्ध पद्धतीने लावला. २०१९ साली तेथे कायदाही झाला. थेरवादी थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून असे विवाह नोंदले जातात. आणि हिंदूंचे बहुमत आहे म्हणून काही होणे नाही, असे म्हणणाऱ्यांनी नेपाळकडे पाहावे. २००७ च्या डिसेंबरात तेथील सर्वोच्च न्यायालयाने या लोकांना समान हक्क द्या म्हटले, २०१५ च्या संविधानात लैंगिक अल्पसंख्याकांचा उल्लेख आला, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात अशा एका विवाहाची नोंदही झाली. तथागतांचे लुंबिनी त्याच देशात आहे.

येथे इंग्लंडात २९ मार्च २०१४ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहेत. आपल्या मुलांना आपली परवानगी कायद्यासाठी लागत नाही. त्यांना लागते ते आईने लग्नाला येणे, वडिलांनी ताटावर बसणे, आणि मावशी-काकूंनी फोन बंद न करणे. ते मिळाले नाही की ती मुले मँचेस्टरला किंवा ब्रायटनला जातात, आणि आपण जयंतीला एकमेकांना सांगतो की, 'कामात आहे हो, वेळ मिळत नाही त्याला.' अशा रिकाम्या खुर्च्या आजही या सभागृहात आहेत. कोणाच्या, ते ज्याचे त्याला ठाऊक.

आमची कार्यकारिणीस एक सूचना आहे, आणि ती आजच्या सर्वसाधारण सभेत मतास टाकावी अशी विनंती आहे. स्मरणिकेतील वधू-वर सूचीसाठी नाव पालक पाठवितात. यापुढे ज्या मुलाचे वा मुलीचे नाव छापावयाचे, त्याची स्वतःची स्वाक्षरी अर्जावर असल्याशिवाय ते स्वीकारू नये. अर्जाच्या नमुन्यात तेवढी एक ओळ वाढवावी लागेल. त्याचा मसुदा आम्ही सोबत आणला आहे आणि तो सचिवांकडे देत आहोत. पूर्वीच्या जातीच्या कंसाविषयी ज्यांना दुसरी सूचना मांडावयाची असेल त्यांनीही आजच मांडावी, म्हणजे अर्ज एकदाच छापून होईल.

जय भीम. जय बुद्ध.